पायरीवरचा क्षण

दर्शनानंतर मंदिराच्या पायरीवर क्षणभर टेकण्याची आपली जुनी रीत हा ध्यानाचा पहिला पाठच होय. भाईंदरहून पहाटेची लोकल गाठणाऱ्या नोकरदाराचा दिवसभराचा शीण रात्री बहुधा घरच्यांवर निघतो. त्याने परतताना, जागा मिळाल्यास बसून (एरवी उभ्यानेच), नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास केवळ पाहावा. तो रोखू वा लांबवू नये. मन कचेरीकडे धावेल. त्रागा न करता ते परत आणावे. यास आनापान म्हणतात. गोराई येथे २००९ साली खुल्या झालेल्या विश्व विपश्यना पॅगोडात ते शिकविले जाते. तेथे श्वासाला नाम जोडीत नाहीत. वारकरी घरातील भाविकांनी मात्र आपले नामस्मरणच चालू ठेवावे. पाच मिनिटे पुरेत. उतरण्याचे स्थानक तेवढे चुकू देऊ नये.