डॉक्टरने केले म्हणून योग्य?

ईजिप्तमध्ये खेडोपाडी बाळंतपण करणाऱ्या बाईला 'दाया' म्हणतात. आपल्या 'दाई'शी जुळणारा हा शब्द वाचून मला नवल वाटले. परंतु मुलींची सुंताही तिच्याच हातून होत असे, हे कळल्यावर मन सुन्न झाले. मुलीच्या जननेंद्रियाचा बाह्य भाग अंशतः वा पूर्णपणे कापणे, म्हणजे ही सुंता. तिचा आरोग्याला काडीचाही लाभ नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा त्रास, पुढे बाळंतपणातील अडचणी व मनावरचा आघात, एवढेच तिच्यातून मिळते.

हे धोके लोकांना सांगितले गेले, तेव्हा विचित्रच घडले. अनेक पालकांनी प्रथा सोडली नाही. दायेला सोडून डॉक्टरला गाठले! १९९४ साली ठराविक सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया करण्यास मुभा देण्यात आली. ती १९९५ मध्ये मागे घ्यावी लागली. १९९६ च्या बंदीतही 'वैद्यकीय गरज' ही पळवाट राहिलीच. २००७ मध्ये खाजगी दवाखान्यात एक मुलगी दगावली, तेव्हा ती बुजवली गेली. २००८ मध्ये कायद्याने हा गुन्हा ठरला. तरीही २०१३ मध्ये एका डॉक्टरच्या हातून तेरा वर्षांची मुलगी गेली. खालच्या न्यायालयाने त्याला सोडले; जानेवारी २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने शिक्षा केली. या गुन्ह्याबद्दल त्या देशात डॉक्टरला झालेली ही पहिलीच शिक्षा.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी प्रत्येक व्यवहाराच्या दोन्ही बाजू पाहतो. येथे जमेस काय? भूल आणि निर्जंतुक हत्यार. नावे काय? निरोगी मुलीच्या शरीराचा परत न येणारा भाग. तिला न विचारता घेतलेला निर्णय. आणि डॉक्टरची पत, जिच्या आधारावर ही प्रथा आणखी एक पिढी जगते. डॉक्टरच करतात म्हटल्यावर आईला वाटते, यात वावगे ते काय? म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्येच बजावले की, कोणत्याही आरोग्य-कर्मचाऱ्याने कोठेही हे काम करू नये.

मग त्यांनी करावे काय? मुलीला घेऊन आलेल्या आईला हाकलून न देता जवळ बसवून समजावावे, ठाम नकार द्यावा आणि ज्यांच्यावर हे आधीच लादले गेले त्या स्त्रियांवर मायेने उपचार करावेत. मुलीच्या अंगावर घाव घालून मिळालेली फी कोणत्याही वहीत नफा म्हणून मांडता येणार नाही.