प्रसूतिरजेनंतर कामावर परतणारी माता : तिचे हक्क आणि शाळेचे कर्तव्य

१. विषयाचे महत्त्व

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाणलोटविकासाच्या कार्यामुळे देशभर परिचित झाले. १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने तेथे नालाबांध, पाझर तलाव व समतल चर यांची कामे झाली. पाणी जमिनीत मुरले, विहिरींना पाणी आले आणि पूर्वी एका पिकाचीही शाश्वती नव्हती त्या शिवारात दुसरे पीक उभे राहू लागले. परंतु पीक वाढले म्हणजे खुरपणी वाढते, लागवड वाढते, दुभत्या जनावरांची निगाही वाढते. आणि ही कामे बहुतांशी स्त्रियांच्याच हातांनी होतात. म्हणून अशा गावात एक प्रश्न वारंवार उभा राहतो : बाळंत झालेली स्त्री कामावर परत केव्हा जाते, आणि ती गेल्यावर तिच्या अर्भकाकडे पाहते कोण ?

शाळेतील शिक्षिका व शेतात मजुरीला जाणारी स्त्री या दोघींचे मातृत्व सारखेच आहे. त्यांचे हक्क मात्र सारखे नाहीत. हा भेद नीट समजून घेणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

२. पूर्वेतिहास

प्रथम महायुद्धानंतर १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रसूतीच्या आधी व नंतर मिळून बारा आठवड्यांची विश्रांती आणि कामाच्या वेळात स्तनपानासाठी अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन सुट्या, हे तत्त्व मान्य केले. मुंबई इलाख्यात गिरणीकामगार स्त्रियांसाठी असा कायदा व्हावा म्हणून विधिमंडळात विधेयक आले. त्याच्या चर्चेत जुलै १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा दिला. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि स्त्रीच्या श्रमाचा लाभ मालकाला होत असल्यामुळे या खर्चाचा भार त्यानेही उचलणे न्याय्य आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ साली मुंबईचा प्रसूतिलाभ कायदा संमत झाला. त्याचे संरक्षण कारखान्यातील स्त्रीपुरतेच होते. शेतातील स्त्री त्याच्या कक्षेबाहेर राहिली.

पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४२ ने कामाची न्याय्य व मानवोचित परिस्थिती आणि प्रसूतिसाहाय्य यांची तरतूद करण्याचा निर्देश राज्यास दिला. १९६१ साली संपूर्ण देशासाठी प्रसूतिलाभ अधिनियम झाला. २०१७ च्या दुरुस्तीने रजेची मुदत बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे करण्यात आली. या अधिनियमाची जागा आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

३. परतणाऱ्या मातेचे कायदेशीर हक्क

कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापना यांना संहितेतील पुढील तरतुदी लागू आहेत.

(अ) प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत स्त्रीस कामावर ठेवता येत नाही. ही मनाई मालकावर आहे. म्हणून स्त्रीची संमती घेतली असे सांगून तिच्यातून सुटका होत नाही.

(आ) मागील बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेल्या स्त्रीस सव्वीस आठवड्यांपर्यंत सरासरी दैनिक वेतनाच्या दराने लाभ मिळतो. त्यांपैकी आठ आठवड्यांहून अधिक काळ प्रसूतीपूर्वी घेता येत नाही. दोन किंवा अधिक अपत्ये हयात असल्यास ही मुदत बारा आठवड्यांची आहे.

(इ) या कारणाने गैरहजर असलेल्या स्त्रीस कामावरून काढणे, किंवा तिच्या सेवेच्या अटी तिला अपायकारक होतील अशा रीतीने बदलणे बेकायदेशीर आहे. परत आल्यावर वेतन घटविणे हा हक्काचा भंग होय.

(ई) बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत मातेस नेहमीच्या विश्रांतीखेरीज दररोज दोन स्तनपान-सुट्या मिळतात.

(उ) पन्नास किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे पाळणाघराची सोय असावी लागते आणि मातेस तेथे दिवसातून चार वेळा जाता येते.

(ऊ) कामाचे स्वरूप तसे असल्यास, रजेनंतर काही काळ घरून काम करण्याबद्दल मालक व माता यांना आपसांत ठरविता येते.

नोकरी कायम नाही, एवढ्याच कारणाने हक्क नाकारता येत नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्री-कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी हे स्पष्ट केले. कराराची मुदत संपली तरी एकदा प्राप्त झालेला प्रसूतिलाभ खंडित होत नाही, असेही त्या न्यायालयाने २०२३ साली ठरविले. तामिळनाडूतील एका शासकीय शाळेच्या शिक्षिकेस पूर्वीच्या विवाहातील दोन अपत्यांच्या कारणाने रजा नाकारण्यात आली होती. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय देऊन प्रसूतिरजा ही स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांशी निगडित आहे असे सांगितले.

४. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेसाठी

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांतील नियम ७४ प्रसूतिरजेविषयी आहे. पूर्वी ९० दिवसांची असलेली ही रजा २००९ साली १८० दिवसांची झाली. ती रजेच्या खात्यातून वजा होत नाही. रजेपूर्वी मिळत असलेल्या वेतनाइतके रजावेतन मिळते व हा काळ निवृत्तिवेतनासाठी सेवा म्हणून धरला जातो. दोन अपत्ये हयात असल्यास मात्र ही रजा नियमानुसार मिळत नाही. वार्षिक वेतनवाढीचा दिनांक रजेत आला तर वाढ बुडत नाही. तिचा प्रत्यक्ष लाभ रुजू झाल्याच्या दिवसापासून मिळतो. म्हणून रुजू अहवाल त्याच दिवशी देणे आणि सेवापुस्तकातील नोंद स्वतः पाहून घेणे अगत्याचे आहे.

२०१८ पासून बालसंगोपन रजाही उपलब्ध आहे. ज्येष्ठ दोन अपत्यांसाठी, मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, संपूर्ण सेवेत एकूण १८० दिवस व एका वर्षात दोन महिन्यांपर्यंत ती घेता येते. ती आधी मंजूर करून घ्यावी लागते. म्हणून अर्ज वेळेवर करावा.

रजा केव्हा सुरू करावी याचाही हिशेब करणे हिताचे आहे. बाळास पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, असा आरोग्यशास्त्राचा सल्ला आहे. रजा प्रसूतीच्या दिवशी सुरू झाली तर १८० दिवसांनी माता परतते तेव्हा बाळ सहा महिन्यांचे होऊन वरचे अन्न घेण्याच्या वयास आलेले असते. रजा साठ दिवस आधी सुरू झाली तर परतताना ते चारच महिन्यांचे असते. प्रकृतीमुळे आधी विश्रांती घेणे भाग पडल्यास ती अवश्य घ्यावी. मात्र मग पुढील दोन महिन्यांची तजवीज आधीच करून ठेवावी.

५. जिला रजा नाही ती माता

शेतमजूर स्त्रीस मालक नित्य बदलतो. तिचे हजेरीपत्रक नसते व सव्वीस आठवड्यांचे वेतन देणारेही कोणी नसते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून तिला पहिल्या अपत्यासाठी ५००० रुपये, आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६००० रुपये मिळतात. हे साहाय्य उपयुक्त आहे. तथापि ५००० रुपये १८० दिवसांत वाटले तर दिवसाला २८ रुपयेही पडत नाहीत. एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून अंगात पुरते बळ येण्याआधीच ती खुरपे हाती घेते.

या ठिकाणी हा प्रश्न शाळेच्या दारात येतो. आई शेतावर गेली म्हणजे बाळ थोरल्या बहिणीच्या कडेवर येते आणि हजेरीपटावर त्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरी लागू लागते. आईस नाकारलेल्या विश्रांतीची किंमत अशा रीतीने आठ-दहा वर्षांची मुलगी आपल्या शिक्षणाने चुकविते.

हे दुखणे श्रीमती ताराबाई मोडक यांनी फार पूर्वी ओळखले होते. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व १९५७ साली ते कोसबाड येथे नेले. श्रीमती अनुताई वाघ यांच्या साहाय्याने तेथे विकासवाडीची कल्पना साकार झाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणल्यामुळे धाकट्या भावंडाला घेऊन आलेली मुलगीही निश्चिंतपणे वर्गात बसू शकली. बाळ सांभाळले गेले तरच मुलगी शिकते, हे या प्रयोगाचे सार होय.

६. शाळेने काय करावे

मुख्याध्यापकाने रजेवरून परतलेल्या शिक्षिकेस दुपारच्या सुटीखेरीज स्तनपानासाठी थोडा वेळ मिळेल असे वेळापत्रक आखावे. दोनशिक्षकी शाळेत एकीची रजा म्हणजे अर्धी शाळा रिकामी होणे. ही अडचण खरी आहे. तिचे उत्तर रजा सुरू होण्यापूर्वीच केंद्रप्रमुखांशी पर्यायी व्यवस्था ठरविण्यात आहे, परतलेल्या मातेस टोमणे मारण्यात नाही.

वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलीच्या घरी जाऊन कारण विचारावे. कारण धाकटे भावंड असल्यास दंडाची भाषा करू नये. अंगणवाडीसेविकेच्या सल्ल्याने बाळाची सोय पाहावी, मातृवंदना योजनेचा अर्ज भरण्यास मदत करावी आणि पाळणाघराचा विषय ग्रामसभेपुढे मांडावा. ज्या गावांनी श्रमदानाने पाणी अडविले, त्यांस हंगामाच्या दिवसांत पाळण्याखालची एक खोली चालविणे अशक्य नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांची मनाई मालकावर का घातली असावी ?

२. एका शिक्षिकेची १८० दिवसांची रजा प्रसूतीपूर्वी ३० दिवस सुरू झाली. ती रुजू होईल तेव्हा बाळाचे वय सुमारे किती असेल ?

३. आपल्या शाळेतील गेल्या तीन महिन्यांचा हजेरीपट पाहून, धाकट्या भावंडांमुळे किती मुली किती दिवस गैरहजर राहिल्या याची यादी करा. ती पुढील मासिक सभेत मांडून प्रत्येकीसाठी एक उपाय सुचवा.