लेखनवर्गाचे एक वर्ष : काय शिकलो?

वर्षभर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विहारात आमचा लेखनवर्ग भरला. सुरुवातीचे लेख म्हणजे भाषणेच होती. 'क्रांती', 'अस्मिता' हे शब्द भरपूर. घरातले माणूस मात्र एकही नाही.

मग बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वर्गात वाचले. दुकान सांभाळता सांभाळता त्यांनी ते लिहिले, सुमारे वीस वर्षे घरात लपवून ठेवले. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. ते ऐकून एका भगिनीने आजीच्या जात्यावर पानभर लिहून आणले. वाचताना तिचा आवाज कापत होता. त्या दिवसापासून वर्ग खरा सुरू झाला.

मी बँकेत लोकांच्या नोंदी रोजच्या रोज करतो. आईच्या आठवणी मात्र 'पुढच्या महिन्यात लिहून घेऊ' म्हणत राहिलो. श्रावणात ती गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ती वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर होती, एवढेच मला ठाऊक. सोबत कोण होते, वाटेत काय खाल्ले, हे आता कोणाला विचारू?

विद्यार्थी मित्रांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. त्यांच्याच शब्दांत लिहा, खाली तारीख घाला. आजची नोंद आजच करा.