भूल देण्यापूर्वीचे आठ श्वास

१२ जानेवारी १९२४ ची रात्र. येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात हलविलेल्या महात्मा गांधींवर ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया चालू होती. शल्यविशारद होते कर्नल मॅडॉक. रुग्णाला क्लोरोफॉर्मची भूल दिलेली होती. मध्येच वादळामुळे वीज गेली. परिचारिकेच्या हातातली विजेरी होती, तीही विझली. शेवटी उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आणि ५ फेब्रुवारी १९२४ रोजी गांधीजींची सुटका झाली.

विद्यार्थी मित्रांनो, ही हकिगत वाचताना आपण शस्त्रक्रिया करणाऱ्याचे कौतुक करतो. पण रुग्णाच्या उशाशी बसून भूल देणाऱ्याचा विचार तुमच्या मनात आला का? रुग्णाच्या रक्तात प्राणवायू पुरेसा आहे की नाही, हे त्या काळी त्याला डोळ्यांनी आणि बोटांनीच ओळखावे लागे. ओठांचा आणि नखांचा रंग, नाडी आणि श्वासाची लय, एवढ्याच खुणा. प्राणवायू कमी झाला की रक्त काळपट होते आणि ओठ निळसर दिसू लागतात. कंदिलाच्या पिवळ्या उजेडात ती निळसर छटा ओळखणे किती अवघड!

आज हेच काम बोटाला चिमट्यासारखा लावलेला पल्स ऑक्सिमीटर करतो. कोविडच्या साथीत हे उपकरण अनेक घरांत पोहोचले. त्याचे तत्त्व १९७० च्या दशकात जपानमधील ताकुओ आओयागी यांनी शोधले. परंतु ऑक्सिमीटर फक्त प्राणवायू किती आहे ते सांगतो, तो भरून देत नाही. भरण्याची युक्ती निराळी आहे, आणि तिच्यात रुग्णालाच थोडे काम करायचे असते.

फुप्फुसांतली शिल्लक

नेहमीसारखा श्वास सोडा आणि क्षणभर थांबा. तुमची फुप्फुसे रिकामी झाली का? नाही. मोठ्या माणसाच्या फुप्फुसांत अशा वेळीही दोन ते तीन लिटर हवा शिल्लक असते. उताणे निजल्यावर पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात, त्यामुळे ही शिल्लक घटते. भूल दिल्यावर स्नायू सैल पडतात आणि ती आणखी घटते. हिशेबासाठी आपण दोन लिटर, म्हणजे २००० मिलिलिटर धरू.

बाहेरच्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. वायुकोशांत मात्र पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो, शिवाय रक्त सारखे प्राणवायू उचलून नेत असते. म्हणून तेथे तो १३ ते १४ टक्केच असतो. २००० चे १३ टक्के म्हणजे २६० मिलिलिटर. विश्रांती घेत असलेल्या प्रौढ माणसाला दर मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू लागतो. म्हणजे श्वास थांबला, तर फुप्फुसांतली शिल्लक कशीबशी एक मिनिट पुरेल!

पण शस्त्रक्रियेच्या वेळी श्वास थांबेलच कशाला? १९४२ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी भुलेबरोबर क्युरारे हे स्नायू सैल करणारे औषध वापरले. तेव्हापासून अशी औषधे प्रचारात आली. ती दिल्यावर पोटाचे स्नायू सैल होतात व शस्त्रक्रिया सोपी होते, पण श्वासाचे स्नायूही थांबतात. मग भूलतज्ज्ञ श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास देतो. औषध दिल्यापासून नळी जागेवर बसेपर्यंतचा काळ बिनश्वासाचा असतो. बहुधा तो अगदी थोडा असतो. परंतु एखाद्याचा गळा अरुंद असतो, एखाद्याचा जबडा पुरेसा उघडत नाही, आणि मिनिटे भराभर निघून जातात. मेंदूला प्राणवायूवाचून चार-पाच मिनिटांतच कायमची इजा होऊ शकते.

टाकी तीच, माल निराळा

टाकी मोठी करता येत नाही, पण तिच्यातला माल बदलता येतो. फुप्फुसांतल्या शिल्लक हवेत बहुतांश जागा नायट्रोजनने अडवलेली असते, आणि शरीराला त्याचा काही उपयोग नाही. भूल देण्यापूर्वी रुग्णाच्या नाकातोंडावर घट्ट मुखवटा बसवून त्याला शुद्ध प्राणवायू श्वासावाटे देतात. प्रत्येक श्वासागणिक थोडा नायट्रोजन बाहेर पडतो आणि त्याची जागा प्राणवायू घेतो. शेवटी वायुकोशांत सुमारे ९० टक्के प्राणवायू होतो. आता गणित पुन्हा करा. २००० चे ९० टक्के म्हणजे १८०० मिलिलिटर. त्याला २५० ने भागा. सात मिनिटांहून थोडे अधिक! एका मिनिटाची सात मिनिटे झाली. शेवटच्या मिलिलिटरपर्यंत हा साठा वापरता येत नाही हे खरे, पण अडचणीच्या वेळी मिळालेली ही सवड जीव वाचवू शकते.

यासाठी दोन पद्धती आहेत. एक म्हणजे तीन मिनिटे नेहमीसारखा श्वास घेणे. दुसरी म्हणजे घाई असताना एका मिनिटात आठ खोल श्वास घेणे. आठच श्वास कसे पुरतात?

करून पाहा

एका मोठ्या भांड्यात चार पेले पाणी घ्या आणि त्यात शाई टाकून ते गडद करा. ही फुप्फुसांतली शिल्लक आणि शाई म्हणजे नायट्रोजन. आता त्यात एक पेला स्वच्छ पाणी घाला, ढवळा आणि एक पेला पाणी काढून टाका. हा झाला एक साधा श्वास. प्रत्येक वेळी शाईचा चार-पंचमांश भाग उरतो. असे आठ वेळा केल्यावरही मूळ शाईपैकी सुमारे १७ टक्के शिल्लक राहते.

दुसऱ्या भांड्यात तसेच चार पेले गडद पाणी घ्या. या वेळी चार पेले स्वच्छ पाणी घाला, ढवळा आणि चार पेले काढा. हा खोल श्वास. प्रत्येक वेळी शाई निम्मी होते. आठ वेळा केल्यावर २५६ पैकी एकच भाग उरतो! दोन्ही भांडी शेजारी ठेवा, फरक डोळ्यांना दिसेल. प्रत्यक्षात श्वासनलिकेतली हवा वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून शरीरात हे थोडे सावकाश होते. मुखवटा सैल असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि केलेले काम वाया जाते. म्हणूनच मुखवट्याने गुदमरल्यासारखे वाटले तरी रुग्णाने तो बाजूला सारू नये.

मग घरी व्यायाम कशासाठी?

तुम्ही म्हणाल, घरी रोज खोल श्वास घेतले तर प्राणवायू आधीच साठवून ठेवता येईल! तसे होत नाही. निरोगी माणसाच्या रक्तातले हीमोग्लोबिन साध्या श्वासानेच ९५ टक्क्यांहून अधिक भरलेले असते. त्यात आणखी भरायला जागाच थोडी. पुण्याहून जवळच, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले. प्राणायामात प्राणवायू किती घेतला जातो आणि कार्बन डायऑक्साइड किती बाहेर पडतो, हे तेथे १९३० च्या दशकात उपकरणांनी मोजले गेले. श्वासाविषयी बोलायचे तर आधी मोजावे, हा धडा आपण त्यातून घ्यावा.

व्यायामाचा खरा उपयोग शस्त्रक्रियेनंतर होतो. भुलेखाली बहुतेक रुग्णांच्या फुप्फुसांच्या खालच्या भागातले काही वायुकोश मिटतात. पुढे टाके दुखतात म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही आणि खोकत नाही. कफ साचतो, मिटलेल्या भागात जंतू वाढतात आणि न्यूमोनिया होतो. खोल श्वासाने मिटलेले वायुकोश उघडतात आणि खोकल्याने कफ सुटतो. हे तंत्र दुखत असताना शिकणे कठीण असते, म्हणून ते आधीच शिकायचे.

याचा पुरावाही आहे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये पोटाच्या वरच्या भागाची शस्त्रक्रिया व्हायची होती अशा ४४१ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना फक्त माहितीपत्रक दिले, तर काहींना त्याबरोबर सुमारे अर्धा तास श्वसनाचे व्यायाम शिकविले. पहिल्या गटात २७ टक्के रुग्णांना फुप्फुसांचे विकार झाले, दुसऱ्या गटात १२ टक्क्यांना. अर्ध्या तासाच्या शिकवणीचे हे फळ!

तुमच्या घरी आजी-आजोबांची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना विचारून तुम्ही त्यांचा सराव घेऊ शकता. ताठ बसून नाकाने सावकाश खोल श्वास घ्यावा, दोन-तीन सेकंद थांबावे, मग हळूहळू सोडावा. असे काही श्वास झाले की उशी पोटाशी धरून खोकण्याचा सराव करावा. शस्त्रक्रियेनंतर तीच उशी टाक्यांना आधार देते. तीन रंगीत चेंडूंचे उपकरण दिले असेल तर एक लक्षात ठेवा. पुष्कळ जण त्यात फुंकर मारतात. चेंडू वर जायला हवेत ते श्वास आत ओढून! आजोबा विडी ओढत असतील, तर ती सोडण्याचा आग्रह धरा. एक दिवस आधी सोडली तरी रक्तातला कार्बन मोनॉक्साइड बराच कमी होतो आणि हीमोग्लोबिनवरची जागा प्राणवायूला मोकळी होते. काही आठवडे आधी सोडल्यास फुप्फुसांनाही लाभ होतो.

एक सूचना. भराभर खोल श्वास घेण्याची किंवा श्वास कोंडून धरण्याची शर्यत वर्गात लावू नका. भराभर खोल श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार घटतो, चक्कर येते आणि माणूस पडू शकतो.

विचार करा

१. शाईच्या प्रयोगात तीन खोल श्वासांनंतर किती शाई उरेल?

२. एका रुग्णाच्या फुप्फुसांतली शिल्लक एकच लिटर आहे आणि त्याला दर मिनिटाला ३०० मिलिलिटर प्राणवायू लागतो. ९० टक्के प्राणवायू भरला तर तो किती मिनिटे पुरेल?

३. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. तेथील हवेतही प्राणवायू २१ टक्केच असतो. मग मुंबईच्या मानाने एका श्वासात प्राणवायूचे रेणू कमी का मिळतात?