हंडा घरात आल्यावर

पोरी, आशा म्हणून तू आता दारोदार फिरशील. रजिस्टर कसं भरायचं ते प्रशिक्षणात सांगतीलच. मी सांगते ते पाण्याचं आहे.

विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडलं की गावाला वाटतं, झालं काम. पण चांगलं पाणी बहुतेक वेळा घरात आल्यावरच नासतं. म्हणून कुणाकडे गेलीस की आधी प्यायला पाणी माग, आणि ते कसं काढतात ते बघ. पेल्याबरोबर बोटंही हंड्यात बुडाली, तर त्या घरात पोरांची पोटं बिघडायला वेळ लागत नाही. लांब दांड्याचं ओगराळं हवं, तेही खिळ्याला टांगलेलं. नसेल तर हंडा तिरपा करून ओतून घ्या म्हण, त्याला पैसा पडत नाही. पोरांच्या देखत बाईला बोलू नकोस. ती एकदा खजील झाली की पुढच्या खेपेला तुला दारातूनच परत लावील.

आता पाणी गाळण्याचं ऐक. नारू तू पाहिला नाहीस, आमच्या पिढीनं पाहिला. पायाला फोड यायचा आणि त्यातून हातभर जंत निघायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस अंथरुणाला खिळायचा. त्याच्यावर औषध नव्हतं, लस नव्हती, आजही नाही. आग होते म्हणून माणूस बारवेच्या पायऱ्या उतरून पाय पाण्यात सोडायचा, आणि जंत तिथंच आपली पिल्लं सोडायचा. तेच पाणी सगळं गाव प्यायचं. पाणी फडक्यानं गाळलं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून पाणी शेंदून घ्यायची सोय केली, विहिरींत औषध टाकलं, तेव्हा नारू हटला. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. फडक्यानं काय होणार, असं कुणी म्हणालं तर हे सांग.

फडकं दुहेरी घ्यायचं. एका कोपऱ्याला रंगीत दोरा बांधायचा, म्हणजे वरची बाजू रोज वरच राहते. उलटं धरलं तर कालची घाण आजच्या पाण्यात जाते. पण नुसत्या गाळण्यानं पटकीचे नि काविळीचे जंतू अडत नाहीत, हेही सांग. आधी गाळायचं, मग क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात टाकलेलं औषध त्या गाळातच खर्ची पडतं. आणि जी बाई डोक्यावर मोळी आणते तिला वीस मिनिटं पाणी उकळ म्हणून सांगू नकोस. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरतं.

टीसीएल चांगलं असेल तर हजार लिटरला पाच ग्रॅम. पिशवी उघडी राहिली की पावडरीचा जोर जातो, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवायला लाव. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच विहिरीत सोडायची. पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची ओटी टेस्ट मात्र टाकीजवळ करून मोकळी होऊ नकोस. शेवटच्या घराच्या नळाला कर. बहुतेक गावांत गरिबांची वस्ती त्याच टोकाला असते.

तान्ह्याची शी निरुपद्रवी असते असं आयांना वाटतं. ती मोठ्यांच्या इतकीच वाईट. ती धुतल्यावर आणि भाकरी थापण्याआधी साबण लागलाच पाहिजे. साबणाचा तुकडा जाळीच्या पिशवीत घालून मोरीशी टांगला तर पाण्यात विरघळून जात नाही.

पाणी आठवड्यानं येतं तिथं पिंपं भरून ठेवतात, आणि डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात होतो. आठवड्यातून एकदा पिंप नुसतं उपडं करू नये, आतल्या कडा घासाव्यात. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि सुकी पडून महिनोन्‌महिने टिकतात.

एवढं करूनही एखाद्या पोराला जुलाब लागतील. तेव्हा म्हाताऱ्या पाणी तोडायला सांगतील, त्यांचं चालू देऊ नकोस. ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. झिंकच्या गोळ्या जुलाब थांबले तरी चौदा दिवस. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल मलूल पडलं, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लाव, आणि ते गिळतंय तोवर गाडी येईपर्यंत चमच्याचमच्यानं पाजत राहा.