फोल्डर एकच, तरी फाइल वाचता का येत नाही?

प्रश्न : घरी तयार केलेले वेबपान त्याच फोल्डरमधली बाजारभावांची फाइल उघडत नाही. असे का? – एक वाचक, सिरसाळा (ता. परळी, जि. बीड)

उत्तर : ब्राउझर प्रत्येक पानाचे ‘मूळ’ तीन गोष्टींवरून ठरवतो : प्रोटोकॉल, संकेतस्थळाचे नाव आणि पोर्ट. दोन पानांचे मूळ जुळले तरच एकातला प्रोग्राम दुसऱ्यातला मजकूर वाचू शकतो. डबल-क्लिक करून उघडलेल्या फाइलला संकेतस्थळाचे नावच नसते. म्हणून तिला शेजारची फाइलही परकीच ठरते.

ही सावधगिरी जुनी आहे. १९९६ मध्ये जावाची पहिली आवृत्ती आली तेव्हाही वेबपानावरच्या अॅप्लेटना (पानात चालणाऱ्या छोट्या जावा-प्रोग्रामना) संगणकातील फाइली वाचायची मुभा नव्हती. फायरफॉक्स मात्र एका फोल्डरमधल्या फाइलींना आपसात वाचू देत असे. ही सवलत २०१९ मध्ये ६८व्या आवृत्तीपासून बंद झाली, आणि ते योग्यच झाले. डाउनलोड्स फोल्डरमध्ये सातबारा, आधारची प्रत, बँकेचे स्टेटमेंट शेजारी-शेजारी पडलेले असते. ईमेलमधून आलेले एखादे पान तिथेच सेव्ह करून उघडले, तर त्यातला प्रोग्राम हे सगळे वाचून बाहेर पाठवू शकला असता.

उपाय सोपे आहेत. पायथनसोबत येणारा छोटा सर्व्हर त्या फोल्डरपुरता चालू करून पान ‘लोकलहोस्ट’वरून, म्हणजे आपल्याच संगणकावरच्या सर्व्हरवरून उघडावे; मग पान आणि फाइल यांचे मूळ एकच ठरते. किंवा पानावर फाइल निवडण्याचे बटण ठेवावे. वापरणाऱ्याने स्वतः निवडलेली फाइल प्रोग्रामला वाचता येते. क्रोममध्ये हे बंधन उठवण्याची सोय आहे, पण रोजच्या वापरातल्या ब्राउझरमध्ये ती चालू करू नये.