जुनी हवेली : विकावी की चालवावी?

कापड खरेदीसाठी अहमदाबादला जाणारे आपले बहुतेक व्यापारी बांधव स्टेशनजवळच्या लॉजमध्ये उतरतात. आम्ही मात्र हल्ली जुन्या शहरातील एका हवेलीत मुक्काम करतो. मोजक्या खोल्या, परवडणारे भाडे, स्वच्छ बिछाना आणि जामा मशीद पायी जाण्याच्या अंतरावर. अशा छोट्या मुसाफिरखान्याचा हिशेब व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखा आहे.

सुलतान अहमदशाहने १४११ साली वसविलेल्या या शहरात दरवाजाबंद वस्तीला 'पोळ' म्हणतात. घरे एकमेकांना खेटून. म्हणून उजेड आणि वारा घराच्या मधल्या चौकातून येतो. अनेक घरांत चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके असते. लाकडी खांब, तुळया आणि त्यांवरील नक्षी हे खरे वैभव. २०१७ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

गिरणीमालक मंगळदास गिरधरदास यांच्या १९२४ सालच्या घराचे आज मोठे हॉटेल झाले आहे. पण छोट्या हवेलीचे गणित वेगळे. चार-सहा खोल्यांवर ती लॉजशी दरात स्पर्धा करू शकत नाही. गिऱ्हाईक पैसे देते ते चौकाचे आणि नक्षीचे. म्हणजे नक्षी हे मुद्दल आणि भाडे हा नफा. पुष्कळ ठिकाणी वारस नक्षीदार खांब जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला विकतात आणि मग घर पाडतात. मुद्दल खाणाऱ्या दुकानाचे जे होते, तेच त्या घराचे होते.

आपल्या गावांतही असे वाडे कुलूपबंद पडून आहेत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

१) आधी हिस्से लिहून काढा. वारसांचे हिस्से कुरआनने सूरह निसामध्ये ठरवून दिले आहेत. बहिणींचा हिस्सा दाबून बरकत येत नाही. मात्र हिस्सा देण्यासाठी भिंत तोडलीच पाहिजे असे नाही. इमारत सामाईक ठेवून शिर्कत करता येते : नफा ठरलेल्या प्रमाणात, तोटा भांडवलाच्या प्रमाणात.

२) व्याजाचे कर्ज काढून सगळे घर एकदम सजवू नका. एक-दोन खोल्यांपासून सुरुवात करा आणि त्यांच्या कमाईतून पुढची खोली करा.

३) चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते. मग भिंतीतले लाकूड कुजते. जुने काम जाणणारा गवंडी आणि सुतार शोधा. त्यात आपल्याच कारागिरांना रोजगार मिळेल.

४) दोष लपवू नका. जिना उभा आहे, लिफ्ट नाही, मोटार दारापर्यंत येत नाही, हे आधीच सांगा. मालातला दोष लपवून विकण्यास प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मनाई केली आहे. डागी थान दाखवून विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक परत येते, खोलीचेही तसेच. परवाना, कर आणि पाहुण्यांची नोंदही चोख ठेवा.

व्यापारी बांधवांनो, विकलेल्या घराची रक्कम वारसांत वाटली की काही वर्षांत संपते. चालते घर पुढच्या पिढीलाही हिस्सा देते. विक्रीच्या कागदावर सही करण्यापूर्वी सर्व वारसांनी एकदा एकत्र बसून हा हिशेब जरूर मांडावा. अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो.